शकुंतला रेल्वे खरंच अजून इंग्रजांची आहे का? विदर्भातली ओस पडलेली स्टेशनं काय सांगतात

भारतातली एक रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची आहे आणि सरकार त्यांना भाडं देतं, असा फॉरवर्ड तुमच्यापर्यंत कधीतरी आलाच असेल. ही रेल्वे म्हणजे विदर्भातली ‘शकुंतला’. फॉरवर्डमधलं अर्धं खरं आहे, अर्धं नाही.

रेल्वे आली कशासाठी?

कापसासाठी. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत न्यायचा होता. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या कंपनीने अडीच फूट रुंदीची नॅरोगेज लाईन टाकली. मूर्तिजापूर हे जंक्शन. तिथून एक फाटा कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला (सुमारे ११३ किमी), तर दुसरा दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला (सुमारे ७६ किमी).

मग मालक कोण?

लाईन कंपनीची, पण गाड्या चालवायची जीआयपी रेल्वे. त्या बदल्यात कंपनीला पैसे मिळायचे. १९५१ मध्ये जीआयपी मध्य रेल्वेत विलीन झाली, मात्र खासगी कंपनीसोबतचा करार सुरूच राहिला. फॉरवर्डमधलं खरं ते एवढंच. किलिक निक्सन स्थापन केली इंग्रजांनी, पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीय मालकांकडे आली. म्हणजे लाईन खासगी होती, इंग्रजांची नाही.

स्टेशनं ओस का पडली?

मालकी एकाची आणि गाडी दुसऱ्याची, त्यामुळे लाईनवर खर्च कोणी करायचा हा प्रश्न कायमच लोंबकळत राहिला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. त्यानंतर डिझेल इंजिन आलं, रूळ मात्र जुनेच राहिले आणि गाडीचा वेग वाढलाच नाही. पुढे तर लहान स्टेशनांवर कर्मचारीही उरले नाहीत. गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा आणि फाटक लागलं की तेही गाडीतलेच लोक बंद करायचे.

तरीही गाडीला गर्दी असायची, कारण एसटीपेक्षा तिकीट कितीतरी स्वस्त. शेतमजूर, बाजाराला निघालेल्या बायका, शाळकरी पोरं, सगळ्यांची भिस्त हिच्यावरच. काही वर्षांपूर्वी एकेक करत दोन्ही फाट्यांवरची गाडी बंद झाली.

आता पुढे काय?

ब्रॉडगेजची मागणी जुनी आहे आणि २०१६ मध्ये तशी घोषणाही झाली होती. दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी ब्रॉडगेज लाईन होते आहे. तिचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. यवतमाळ आणि दारव्हा या लाईनवर येतात. पण कारंजा, दर्यापूर, अंजनगाव आणि मधली खेडी येत नाहीत.

त्यामुळे शकुंतला कोणाची होती यापेक्षा या गावांसाठी मोठा प्रश्न वेगळाच आहे: आपल्या स्टेशनात परत गाडी थांबणार का?