झारीतील उजेड

स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ साली पहिला क्रमांक मिळाल्यापासून आम्हा इंदूरकरांचा हात काहीही फेकताना थबकतो. बागेतील गळकी झारी मी अशीच ठेवून घेतली. तिच्या जाळीदार तोंडातून दिव्यांची बारीक माळ ओघळू दिली, की पाण्याच्या धारांचा भास होतो. मातीची कुंडी उपडी ठेवल्यास तळाचे छिद्र वायरीसाठी आयतेच मिळते. ओल्या अंगणात २३० व्होल्टची वायर मात्र नको, सौरमाळ बरी.

बालरोगतज्ज्ञाची नजर दिव्याआधी बॅटरीकडे जाते. कुंडीत ठेवण्याच्या एलईडी पणतीत बहुधा नाण्याएवढी चपटी लिथियम बॅटरी असते. ती मुलाच्या अन्ननलिकेत अडकली, तर विद्युतप्रवाहामुळे तेथे तीव्र अल्कली तयार होऊन दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. एक्स-रेमध्ये ‘नाणे’ दिसले, तरी दुहेरी कडा आहे का, हे आपण पाहावेच. पालकांनी उलटी करवू नये, तडक रुग्णालय गाठावे. मूल वर्षावरील असून गिळू शकत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा. सहा वेळांहून अधिक नको. मधासाठी थांबू मात्र नये.

आमच्या कुंड्यांत झाकणाला स्क्रू असलेल्याच पणत्या लागतात.