पाऊस परतला, पण गेला कुठे?

पुदुच्चेरीला आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो आणि चार दिवसांतले तीन दिवस खोलीच्या खिडकीतून पाऊस बघत बसलो. मुलगी बंगळुरूहून आली होती, मुलगा पुण्याहून आमच्याबरोबर निघाला होता. दोघांनी वर्षभर राखून ठेवलेली रजा त्या चार दिवसांसाठी काढली होती. मुलं नोकरीला लागली की चौघांना एकत्र मिळणारे दिवस बोटांवर मोजण्याइतके उरतात, त्यामुळे त्या तीन दिवसांची हळहळ अजून जात नाही. ज्या घरात उतरलो होतो तिथल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी इडली वाढताना विचारलं, "तुम्ही याच महिन्यात कसे आलात?" मी म्हटलं, पाऊस ऑक्टोबरातच परतला ना? त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून परतला. आमच्याकडे तेव्हाच तर येतो."

हिवाळ्यात ऊबदार जागा शोधणाऱ्या मराठी घरांतला सगळ्यात मोठा गैरसमज मला त्या एका वाक्यात कळला. आपण "परतीचा पाऊस" म्हणतो तेव्हा तो देशातूनच निघून गेला, आता दक्षिणेत कुठेही गेलं तरी ऊन आणि निळं आकाश, असं मनात धरून चालतो. खरं तर तमिळनाडूला वर्षभराच्या पावसापैकी जवळपास निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत मिळतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जे असतं, ते त्यांच्याकडे या दिवसांत. चेन्नईचा 2015चा मोठा पूर डिसेंबरच्या सुरुवातीला आला होता. धनुष्कोडीचं गाव आणि पांबनहून तिकडे निघालेली प्रवासी गाडी ज्या चक्रीवादळानं गिळली, ते 22-23 डिसेंबर 1964च्या रात्रीचं. म्हणजे नाताळच्या सुट्टीच्या तोंडावरच.

असं का होतं, हे एकदा नीट समजून घेतलं की निम्मी निवड आपोआप होते. हिवाळ्यात उत्तरेकडची जमीन थंड होते, तिथे हवेचा दाब वाढतो आणि वारे ईशान्येकडून समुद्राकडे वाहू लागतात. हे वारे जमिनीवरून निघतात तेव्हा कोरडे असतात. पण बंगालच्या उपसागरावरून जाताना ते पाणी उचलतात आणि पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या किनाऱ्यावर ते पाणी टाकतात. पश्चिम किनाऱ्यावर तेच वारे सह्याद्री ओलांडून, जमिनीवरून येतात, म्हणून कोरडेच राहतात. कोकणात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला मतलई म्हणतात. हिवाळ्यात तो स्थिर असतो, समुद्र निवळलेला असतो आणि दुपारी खारा वारा सुटतो. पणजीत डिसेंबरात दुपारचं तापमान तेहतीसच्या आसपास आणि रात्रीचं वीस-एकवीस असतं. पुण्याच्या पहाटेच्या अकरा-बाराच्या मानानं ही चांगलीच ऊब आहे.

हाच नियम थोडा पुढे नेला की परदेशातली ठिकाणंही उलगडतात. श्रीलंका हा एक छोटा देश, पण डिसेंबरात तिथे दोन वेगळे ऋतू असतात. पूर्वेकडच्या त्रिंकोमाली आणि अरुगम बेला पावसाचे दिवस, तर नैऋत्येच्या गाले आणि मिरिस्साला कोरडा, स्वच्छ हंगाम. मिरिस्साहून निळ्या देवमाशांना बघायला ज्या बोटी निघतात, त्यांचा काळही साधारण नोव्हेंबर ते एप्रिलच. त्रिंकोमालीला जायचं असेल तर मे ते सप्टेंबरात जावं. थायलंडचंही तसंच. फुकेत आणि क्राबी अंदमान समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे डिसेंबर-जानेवारी तिथे उत्तम. को सामुई मात्र थायलंडच्या आखातात, पूर्वेला आहे आणि तिथला सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. मलेशियात पश्चिमेचं लंकावी चांगलं असतं, पण पूर्वेकडच्या पेरहेंतियान बेटांवर त्या दिवसांत बहुतेक मुक्कामाच्या जागा बंद असतात. म्हणून "थायलंडला जायचंय" किंवा "श्रीलंकेला जायचंय" एवढं ठरवून भागत नाही. किनारा कुठल्या बाजूचा, हे आधी ठरवावं. डिसेंबरात पश्चिमेचा निवडलात तर सहसा चूक होत नाही.

सहसा म्हटलं, कारण बाली या नियमात बसत नाही. मोठ्या झालेल्या मुलांच्या यादीत पहिलं नाव बालीचंच असतं आणि "तिथे बारा महिने ऊन" असा समज पक्का असतो. ऊब बारा महिने असते हे खरं. पण बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि डिसेंबर-जानेवारी हा तिथला ऐन पावसाळा. पाऊस दिवसभर पडेलच असं नाही, पण समुद्र गढूळ होतो आणि दमटपणा फार असतो. बाली हवीच असेल तर ती जून ते ऑगस्टच्या दरम्यान ठरवावी, मुलांना तेव्हा रजा मिळाली तर. मॉरिशसला आपल्या हिवाळ्यात उन्हाळा असतो, पण चक्रीवादळांचा हंगामही नोव्हेंबर ते एप्रिल असतो. सिंगापूरमध्ये डिसेंबर हा पावसाच्या अगदी वरच्या महिन्यांपैकी एक. व्हिएतनामला निघालात तर हनोईत स्वेटर लागेल आणि होई आनला वर्षअखेरीपर्यंत पुराची धास्ती असते. कोरडी ऊब हवी असेल तर थेट दक्षिणेतल्या फू क्वोकला जावं.

दुबईबद्दल एवढंच सांगते की दुपारी फिरायला हवा छान असते, पण रात्री पारा पंधरा-सोळापर्यंत उतरतो. वाळवंटातली संध्याकाळ अंगावर शाल घेऊनच बसायची असते.

भारतातही "दक्षिण म्हणजे गरम" आणि "वाळवंट म्हणजे गरम" असे दोन सोपे समज आहेत. केरळ ऊबदार, म्हणून मुन्नारला निघालात तर डिसेंबर-जानेवारीत चहाच्या मळ्यांवर पहाटे पांढरं दहिवर गोठलेलं दिसेल. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं आणि मुन्नार दीड हजार मीटरच्या वर आहे. कोचीत पंखा लावून झोपलेला माणूस दुसऱ्या रात्री तिथे दुलई मागतो. कच्छच्या रणाचा उत्सव चांदण्यात बघण्यासारखा आहे, पण गुजरातमधल्या सगळ्यात थंड गावांत कच्छमधल्याच नलियाचं नाव दर हिवाळ्यात येतं. तिथे जरूर जा, फक्त ऊब शोधायला म्हणून जाऊ नका. ज्यांचे गुडघे थंडीत धरतात त्यांना सोबत नेताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. आमच्याबरोबर पुष्कळदा सासूबाई असतात, म्हणून मी हे अनुभवानं सांगते.

आता मुलांकडे वळते, कारण या सुट्टीचं खरं कोडं तिथेच आहे. "नाताळाच्या आठवड्यातच जायला हवं" असं आपण धरून चालतो. ही सवय शाळेच्या सुट्ट्यांनी लावलेली आहे. मुलगी सत्तावीस वर्षांची झाली तरी आई-बाबांच्या डोक्यात अजून तिचं शाळेचं वेळापत्रकच चालू असतं. परदेशात शिकणारं किंवा नोकरी करणारं मूल असेल तर त्याला खरोखर तेवढेच दिवस मिळतात, तेव्हा जास्त पैसे मोजून त्याच आठवड्यात जावं. त्याचा आनंद वेगळाच असतो. पण सगळी मुलं इथेच असतील तर 20 डिसेंबर ते 2 जानेवारीच्या गर्दीत आणि चढ्या भाड्यात शिरायचं कारण नाही. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा हवेच्या दृष्टीनंही सरस असतो. अंदमानच्या बाबतीत तर हा फरक ठळक आहे. ईशान्य मोसमी पावसाचं शेपूट तिथे डिसेंबरातही असतं. डिसेंबर 2016मध्ये अशाच एका वादळी हवेत हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले होते. जानेवारी ते मार्च तिथे सगळ्यात कोरडे.

अंदमानबद्दल आणखी एक समज असा की तिथे जायला परवाना लागतो. भारतीय नागरिकाला पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, स्वराज द्वीप झालेलं हॅवलॉक आणि शहीद द्वीप झालेलं नील या नेहमीच्या ठिकाणांसाठी वेगळा परवाना लागत नाही. आदिवासींसाठी राखीव भाग मात्र बंदच असतात आणि ते तसेच असायला हवेत. परवाना भारतीयांनाही लागतो तो लक्षद्वीपसाठी, आणि तो हातात आल्याशिवाय तिकिटांचे पैसे भरू नयेत. कुटुंबातल्या एखाद्या मुलानं परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर दोन्ही ठिकाणी त्याचे नियम वेगळे असतात. ते त्याच्या नावानं आधी स्वतंत्र तपासावेत.

मुलं मोठी असली की पाण्याखाली जायचा हट्ट येतोच. "पोहता येत नाही, मग आम्हाला नाही जमणार," असं आई-बाबा म्हणतात. प्रशिक्षकाबरोबरच्या पहिल्या ओळखीच्या स्कुबाला पोहता यावंच लागतं असं नाही. बघायची असते ती तब्येत. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावं, आणि तिथे भरून घेतात त्या कागदावर काही लपवू नये. याच्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे स्कुबानंतर लगेच विमानात बसता येत नाही. एकदाच खाली गेला असाल तर निदान बारा तास आणि अनेकदा गेला असाल तर अठरा तास मध्ये जावे लागतात, कारण खोल पाण्यातल्या दाबानं रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडायला हवा. बरीच घरं स्कुबा "शेवटच्या दिवशी, सगळं बघून झाल्यावर" ठेवतात. तो दुसऱ्या दिवशी ठेवावा.

तारकर्ली-मालवणचं पाणी अंदमानसारखं काचेसारखं असेल अशी अपेक्षा ठेवू नये. नद्या आणि खाड्या आपला गाळ इथेच आणून सोडतात. हिवाळ्यात ते निवळतं आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर मासे आणि प्रवाळ चांगले दिसतात. पण समुद्र शांत दिसतो म्हणून तो निर्धास्त, असं मात्र मुळीच नाही, आणि हे मला कळकळीनं सांगायचं आहे. आई-बाबा पाळण्यातल्या बाळाकडे बघतात तसं विशी-पंचविशीच्या मुलांकडे कोणी बघत नाही, आणि ती सगळ्यात आत जातात. गणपतीपुळ्याला हिवाळ्यातही माणसं बुडाली आहेत. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पाण्याला ओढ असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं आणि ओहोटी लागली की तीच ओढ माणसाला आत खेचते. पाण्यात शिरण्यापूर्वी होडीवाल्याला विचारावं, "आता भरती आहे की ओहोटी?" तो नको म्हणाला तर थांबावं.

खर्चाचंही एक. "चौघांची एक खोली पुरते" ही सवय मुलं लहान असतानाची. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाचं विमानाचं भाडं पूर्ण लागतं आणि हॉटेलंही चार मोठी माणसं एका खोलीत बहुतेक घेत नाहीत. दोन खोल्यांचा हिशेब पहिल्यापासून धरावा. खर्च वाढतो, पण चौथ्या दिवशी सगळ्यांची मनं ताजी असतात. आमच्या घरात तर आता असं ठरलं आहे की सकाळ सगळ्यांची आणि दुपार ज्याची त्याची. गोव्यात मुलं स्कूटर घेणार असतील तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्यावी. भाड्यानं देण्याचा परवाना त्याच गाड्यांना असतो, पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्यांना नसतो. थायलंडमध्ये स्कूटर चालवायची असेल तर निघण्यापूर्वी आरटीओतून दुचाकीचा उल्लेख असलेला आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. तो नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

आलप्पुळाची हाउसबोटही रात्रभर चालते असं पुष्कळांना वाटतं. ती संध्याकाळी काठाला लागते, कारण रात्री कोळ्यांची जाळी पाण्यात असतात. ज्यांना नुसतं बसून गप्पा मारायच्या आहेत त्यांच्यासाठी ती रात्र उत्तम जाते. पण तरुण मुलांना दोन रात्री तिथे डांबू नये, एक पुरे.

यंदा आमचं जानेवारीत अंदमान ठरलं आहे. ठरवताना घड्याळाचा एक मुद्दा निघाला. भारताची वेळ 82.5 अंश रेखांशावरून मोजतात, मालवण त्याच्या पश्चिमेला आणि अंदमान बरंच पूर्वेला. दोन्हींमध्ये सूर्याचा फरक जवळपास सव्वा तासाचा पडतो. हिवाळ्यात तिथे संध्याकाळी पाच-सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. "दुपारी आरामात निघू, सहाला सूर्यास्त बघू," असं म्हणणारी कुटुंबं राधानगरच्या किनाऱ्यावर अंधारात पोचतात. मी हे जेवताना सांगितलं. मुलीनं सूर्योदय किती वाजता ते शोधलं आणि म्हणाली, "आई, मग पाचला उठायला हवं." मुलगा भाकरी मोडत म्हणाला, "उठतो. पण बाबा, दुपारी मला कोणी उठवायचं नाही." यांनी मान डोलावली आणि मी 12 जानेवारीची तिकिटं बघायला घेतली.