मागचे टायर रुंद का? 🏁

१९७३ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ आठवा. बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर सगळ्यांना दिसतो, मी मात्र आधी मागची चाकं बघतो! पुढे ६ इंची रिमवर १८५/७०, मागे ७ इंची रिमवर २१५/६०. या ९११ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असतं. वळणात ते वजन शेपटी बाहेर फेकू बघतं, म्हणून जास्त पकड मागे हवी.

आता गंमत बघा. १८५ चे ७० टक्के म्हणजे १२९.५ मिमी आणि २१५ चे ६० टक्के म्हणजे १२९ मिमी. टायर ३० मिमी रुंद झाला, पण बाजूची उंची जवळपास तेवढीच. त्यामुळे चाकाचा व्यास जवळपास बदलला नाही.

स्वतःच्या गाडीला करायचंय? मग हे बघा:

🔧 ऑफसेट तोच ठेवून रिम १ इंच रुंद केली, तर ती आत-बाहेर प्रत्येकी १२.७ मिमी सरकते. आत सस्पेन्शन, बाहेर फेंडर; दोन्हीकडे जागा मोजा. गाडी जॅकवर असताना सगळं छान बसतं. घासतं ते खड्ड्यात.

🔧 फक्त मागेच रुंदी वाढवली तर गाडी वळणात नाक बाहेर काढते.

🔧 पुढचे टायर मागे फिरवणं बंद.

🔧 ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या व्यासाचं गणित चुकवू नका.

तुमच्या गाडीला मागे काय साइझ आहे?