चित्रपटकलेचा अध्यापक

चित्रपट कसा काढावा, हे वर्गात बसून शिकता येते काय? कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हा प्रश्न उद्भवलाच नसता. दामले, फत्तेलाल आणि शांताराम तेथे जे शिकले, ते पडद्यामागे आणि कॅमेऱ्यामागे राबता राबता शिकले. गुरूच्या हाताकडे पाहणे हाच तेथील अभ्यासक्रम होता. याच शिष्यांनी १९२९ साली 'प्रभात' स्थापन केली आणि १९३३ साली ती पुण्यास आणली. पुढे 'प्रभात' बंद पडली. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५१ च्या आपल्या अहवालात चित्रपटशिक्षणाच्या संस्थेची शिफारस केली होती. त्यानुसार १९६० साली 'प्रभात'च्याच आवारात भारत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. जेथे चित्रपट तयार होत, तेथे आता चित्रपटकार तयार व्हावयाचे होते.

परंतु वास्तू मिळाली, यंत्रे मिळाली, तरी शिकवावयाचे कोणी? अशा विद्येला दोन प्रकारचे अध्यापक लागतात. एक, झालेल्या कृतीची चिकित्सा करणारा. विद्यापीठीय अध्यापनाच्या परंपरेतून आलेले सतीश बहादुर यांनी हे काम पुण्यात अनेक वर्षे मोठ्या निष्ठेने केले. दुसरा, ज्याने स्वतः चित्रपट केले, पैशाची ओढाताण सोसली आणि आपल्या कृतीचे अपयशही पाहिले, असा. १९६५-६६ च्या सुमारास तो ऋत्विक घटक यांच्या रूपाने संस्थेत आला. 'अजांत्रिक', 'मेघे ढाका तारा', 'कोमल गांधार' हे चित्रपट त्यांच्या नावावर होते. धंदेवाईक यश मात्र फारसे नव्हते. काही काळ त्यांनी संस्थेचे उपप्राचार्यपदही सांभाळले.

असा माणूस वर्गात नेमके काय देतो, हे एका उदाहरणाने सांगतो. 'मेघे ढाका तारा'मधील नीता ही निर्वासित कुटुंबाचा भार वाहणारी मुलगी. ज्याच्यावर तिचा जीव आहे, त्याच्या खोलीत दुसरी स्त्री आहे हे तिला उमगते आणि ती जिना उतरू लागते. त्याच क्षणी चाबकाचा फटकारा ऐकू येतो. पडद्यावर चाबूक नाही, मारणारा कोणी नाही. ध्वनीचे उगमस्थान दृश्यात किंवा त्याच्या आसपास असावे, या सर्वसाधारण समजुतीस येथे सरळ बगल दिली आहे. चिकित्सक या फटकाऱ्याचा अर्थ उत्तम रीतीने उलगडून दाखवील. परंतु तेथे करुण संगीत का घातले नाही, शांतता का ठेवली नाही, फटकारा याच पावलावर का, याचा झगडा ज्याने स्वतः केला, तोच विद्यार्थ्याला निर्णयाच्या त्या क्षणापर्यंत नेऊ शकतो. ग्रंथ नियम सांगतो. कारागीर नियम केव्हा मोडावा आणि त्याची किंमत काय पडते, ते सांगतो.

अर्थात प्रत्येक कुशल कारागीर चांगला अध्यापक होतोच, असे नव्हे. हाताला जे ठाऊक असते, ते शब्दांत आणणे कठीण असते. शिवाय, स्वतःची शैली हाच नियम म्हणून शिष्यांच्या माथी मारण्याचा मोहही मोठा असतो. घटकांचे शिष्य पाहिले, म्हणजे त्यांनी तो मोह टाळला असे म्हणावे लागते. त्यांचे स्वतःचे चित्रपट फाळणीच्या वेदनेने भारलेले, भावनांचा कल्लोळ उठविणारे. मणि कौल यांचा 'उसकी रोटी' मात्र संथ, जवळजवळ निश्चल. कुमार शहानी यांनी 'माया दर्पण'मध्ये रंगांची स्वतंत्र भाषा घडविली. जॉन अब्राहम यांनी १९८६ साली केरळात सामान्य लोकांच्या वर्गणीतून 'अम्मा अरियान' उभा केला. तिघांचे चित्रपट एकमेकांसारखे नाहीत आणि गुरूसारखेही नाहीत.

घटक संस्थेत फार काळ राहिले नाहीत. त्यांच्यासारखा मनुष्य कोणत्याही वेळापत्रकात सहज बसणारा नव्हता. माझे आयुष्य सरकारी नोकरीत, नेमणुकांचे अर्ज तपासण्यात गेले आहे. अर्जात पदवीचा रकाना असतो, गुणांचा असतो, अनुभवाच्या वर्षांचाही असतो. परंतु अपयशातून उमेदवार काय शिकला, याचा रकाना मी अद्याप पाहिलेला नाही. तो नसण्यास कारणही आहे. नियम नसले तर वशिल्यास वाट मिळते, हे आम्हां नोकरवर्गाइतके कोणास ठाऊक असणार? तथापि २०२५ साली या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला असल्याने हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नाही. पदवी देणाऱ्या संस्थेत, जवळ पदवी नसलेल्या पण कला जाणणाऱ्या माणसासाठी एक खुर्ची राखून ठेवावी लागेल आणि ती कोणास द्यावी हे ठरविण्यास जाणती माणसेही लागतील.

घटक १९७६ साली वारले. एका पारड्यात आपले चित्रपट आणि दुसऱ्यात आपले अध्यापन ठेवले, तर अध्यापनाचेच पारडे जड होईल, असा त्यांचा स्वतःचा अभिप्राय प्रसिद्ध आहे. पुण्यातील तो काळ त्यांच्या आयुष्यात अल्पच होता. ज्या आवारात पेंटरांच्या शिष्यांनी एके काळी चित्रपट घडविले, तेथेच बंगालच्या या कलावंताने केरळपासून काश्मीरपर्यंतची मुले समोर बसवून शिकविले, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी अगत्याने लक्षात ठेवावी.