संगणकाच्या पेटीतील तारांना वाट

शाळा, ग्रामपंचायत आणि तहसील कचेरी यांच्या दैनंदिन कामात संगणकाने आता कायमचे स्थान मिळविले आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक असल्याने, यंत्र बंद पडले म्हणजे दाखल्यासाठी दाराशी उभ्या असलेल्या माणसाचीच अडचण होते. वैशाखात यंत्र आपोआप बंद पडू लागले की दोष विजेला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण पेटीच्या आत असते : साचलेली धूळ आणि तारांचा गुंता.

या पेटीला बाजारात कॅबिनेट म्हणतात. कचेरीत तिला सरसकट 'सीपीयू' म्हटले जाते, ते बरोबर नव्हे. सीपीयू म्हणजे आतील प्रोसेसर. बहुतेक पेट्यांची मांडणी इंटेल कंपनीने १९९५ साली आखलेल्या एटीएक्स मानकावर आधारलेली आहे. सर्वसाधारणपणे थंड हवा समोरून आत यावी व तापलेली मागून बाहेर पडावी, अशी योजना असते. परंतु जुन्या पेट्यांत वीजपुरवठा करणारा एसएमपीएस वरच्या बाजूस बसविलेला असतो. त्याच्या तारांची जुडी खाली लोंबते आणि प्रोसेसरच्या पंख्यासमोर येते. पूर्वी हार्ड डिस्कला जोडणारी आयडीई पट्टीच सुमारे ५ सेंटिमीटर रुंद असे व पडद्याप्रमाणे वारा अडवी. २००३ पासून आलेल्या साटा पद्धतीच्या अरुंद तारांनी ती अडचण दूर केली; विजेच्या तारांची गर्दी मात्र राहिली.

यावर उपाय म्हणजे मदरबोर्ड ज्या पत्र्यावर बसवितात त्याला खाचा पाडून तारा पत्र्यामागून नेणे. नव्या पेट्यांत अशी सोय तयारच असते. जुन्या पेटीत ती करून घेता येते.

प्रथम पत्रा आणि मागचे झाकण यांतील अंतर मोजावे. तेथे दीड-दोन सेंटिमीटर जागा असेल तर काम सुकर होते. जागा त्याहून कमी असल्यास मोठी जुडी पुढेच ठेवून डिस्कच्या चौकटीला बांधावी आणि बारीक तारा तेवढ्या मागे न्याव्यात. झाकण गुडघ्याने दाबून बसविण्याचा प्रकार सर्रास दिसतो. त्याने तारा चेंगरतात.

खाच मदरबोर्डच्या पुढच्या कडेलगत, मुख्य वीजजोडणीसमोर घ्यावी. चोवीस पिनांचा प्लग सुमारे ५ सेंटिमीटर लांब असतो. खाच त्याहून थोडी मोठी हवी. तो प्लगच पत्र्यावर ठेवून पेन्सिलीने खूण करणे उत्तम. प्रोसेसरला वीज देणाऱ्या लहान प्लगसाठी वरच्या कोपऱ्यात दुसरी खाच लागते. हा फेरा लांबचा असल्याने मूळ तार अपुरी पडण्याचा संभव असतो. म्हणून कापण्यापूर्वी सुतळीने अंतर मोजून घ्यावे.

पत्रा कापण्याआधी मदरबोर्ड, डिस्क, एसएमपीएस, पंखे असे सर्व भाग बाहेर काढणे अत्यावश्यक आहे. लोखंडाचा एक बारीक कीस मदरबोर्डवर राहिला तरी शॉर्ट सर्किट होऊ शकते. एसएमपीएसचे स्वतःचे आवरण मात्र कदापि उघडू नये; वीज तोडल्यावरही त्यात घातक भार राहू शकतो. कापलेली कड कानशीने गुळगुळीत करून तिच्यावर रबरी कडे बसवावे. कडे न बसविल्यास धारदार पत्रा कालांतराने तारेचे आवरण कापतो, आणि केलेली सुधारणाच अपघाताचे कारण ठरते.

एवढ्याने तापमान फार उतरेल, अशी अपेक्षा ठेवू नये. त्या बाबतीत धूळ झाडणे व पंखा सुस्थितीत ठेवणे यांचेच महत्त्व अधिक. तारा मागे नेल्याचा खरा लाभ असा, की तार पंख्यात अडकत नाही, आणि दुरुस्तीच्या वेळी कारागिराचा हात जोडण्या न ओढता रॅमपर्यंत पोहोचतो.

शासकीय यंत्र जडवस्तू नोंदवहीत दाखल असते. हमीची मुदत वा देखभालीचा करार चालू असल्यास पत्र्याला हात लावू नये. एरवीही कार्यालयप्रमुखांची लेखी अनुमती घ्यावी. जोडणी पूर्ण झाल्यावर यंत्र झाकण उघडे ठेवूनच सुरू करावे, सर्व पंखे फिरतात याची खात्री करावी आणि मगच झाकणाचे स्क्रू आवळावेत.