ठिपके गेल्यानंतरचे आठ दिवस

भाऊबीजेला ताईला काय द्यायचे, हा प्रश्न मला एका वर्षी पडलाच नाही. तिच्याकडे दोन फुटी काचेची टाकी होती. टाकीत एंजल माशांची सात वर्षांची जोडी, चार-पाच लोच आणि थोडी पाणवनस्पती. मी दुकानातून सहा निऑन टेट्रा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेले. ओवाळून झाले आणि फराळाचे ताट पुढे येण्याआधीच मी ती पिशवी टाकीत रिकामी केली. निळ्या-लाल रेघांचे ते इवलेसे मासे पाण्यात पांगले, तशी टाकी उजळल्यासारखी वाटली.

चौथ्या दिवशी ताईचा फोन आला. माशांच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे कण दिसत होते. मासे दगडांना अंग घासत होते, कल्ले भराभर हलत होते. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, "अरे, गेले बघ ठिपके!" मी म्हणालो, "मग आता औषध बंद कर. उगाच विषाची परीक्षा कशाला?" त्यानंतर पाच-सहा दिवसांत टाकी जवळजवळ रिकामी झाली. एंजलपैकी एक तेवढा उरला.

माझे शिक्षण प्राणिशास्त्राचे नाही. पण माझ्या त्या एका वाक्यात नेमके काय चुकले, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. मग जुनी पुस्तके चाळली, माशांच्या रोगांवरचे मिळतील ते लेख वाचले. जे हाती लागले ते थोडक्यात असे: ज्या दिवशी ठिपके गेले, तो दिवस रोग संपल्याचा नव्हता. औषधाची खरी गरज त्याच दिवशी सुरू झाली होती.

या रोगाला साध्या भाषेत पांढरे ठिपके म्हणतात. तो घडवणाऱ्या एकपेशीय जिवाला फूके या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ मध्ये नाव दिले इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस, म्हणजे 'पुष्कळ पोरांची, माशावरची ऊ'. पाळणारे त्याला नुसते 'इक' म्हणतात. नावाचा उत्तरार्ध अगदी अचूक आहे. पूर्वार्ध मात्र फसवा आहे. ऊ केसांत असते, गोचीड कातडीवर असते. दोन्ही वरून काढता येतात, दोन्हींवर औषध चोळता येते. हा जीव मात्र माशाच्या कातडीच्या वरच्या थरात शिरून त्याच्या आडोशाला राहतो. आपल्याला दिसणारा पांढरा कण म्हणजे तो जीव आणि त्याच्यावर चढलेले माशाच्याच त्वचेचे पांघरूण. पाण्यात घातलेले औषध त्या पांघरुणाखाली पोचत नाही. जे आपल्याला स्पष्ट दिसते, नेमके तेच औषधाच्या आवाक्याबाहेर असते.

तिथे काही दिवस माशाच्या पेशींवर पोसून तो जवळपास एक मिलिमीटरपर्यंत वाढतो आणि मग आपण होऊन बाहेर पडतो. ताईच्या फोनवरचे 'ठिपके गेले' ते असे. औषधाने ते मेले नव्हते, पिकून गळले होते. खाली पडलेला जीव वाळूला, काचेला किंवा पानाला चिकटतो, भोवती चिकट कोश करतो आणि आत विभागत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार करत एका कोशातून शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्ले बाहेर पडतात. ती पोहत नवा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर मरतात. औषधाच्या तावडीत तो खात्रीने सापडतो तो एवढ्याच काळात, म्हणजे पिल्लू कोशातून सुटून माशात शिरेपर्यंत. त्या वेळी ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दिसते तेव्हा मारता येत नाही आणि मारता येते तेव्हा दिसत नाही, असा हा शत्रू आहे.

मग नदीतले मासे यातून कसे वाचतात? नदीत सुटलेली पिल्ले अफाट पाण्यात पांगतात आणि बहुतेकींना मासा भेटतच नाही. टाकीत पंचेचाळीस-पन्नास लिटर पाणी आणि त्यात डझनभर मासे. प्रत्येक पिल्लाला हाताच्या अंतरावर यजमान. म्हणजे रोगाचा अर्धा भाग त्या जंतूत असतो आणि अर्धा आपल्या काचेच्या चार भिंतींत. म्हणूनच एका माशाच्या अंगावर ठिपका दिसला, की फक्त तोच मासा आजारी आहे असे समजून चालत नाही. आजारी असते ती टाकी. उपचार पाण्यावर करायचे असतात.

आता ते औषध. मिथिलीन ब्लू हा मुळात रंग आहे. हाइनरिश कारो या जर्मन रसायनज्ञाने तो कापड रंगवण्यासाठी तयार केला, तोही १८७६ मध्येच. ज्या वर्षी या रोगजंतूला नाव मिळाले, त्याच वर्षी. पुढे पॉल एर्लिश सूक्ष्मदर्शकाखाली हा रंग वापरत असे. काही पेशी रंग घेतात, शेजारच्या घेत नाहीत, हे पाहून त्याला वाटले, की रंग जंतूला निवडून धरत असेल तर तोच त्याला मारूही शकेल. १८९१ मध्ये त्याने आणि पॉल गुटमन यांनी बर्लिनमध्ये हिवतापाच्या दोन रुग्णांवर मिथिलीन ब्लूचा प्रयोग केला. प्रयोगशाळेत घडवलेले रसायन माणसाच्या रोगावर वापरण्याच्या इतिहासात ही घटना आरंभीची मानली जाते. मॅलाकाइट ग्रीन हाही असाच एक रंग, आणि पांढऱ्या ठिपक्यांवर अधिक परिणामकारक. मात्र तो जपून वापरायचा. त्याचे अवशेष घातक असल्याने खाण्याच्या माशांसाठी तो अनेक देशांत निषिद्ध आहे. शोभेच्या टाकीतही हातमोजे घालूनच बाटली उघडावी.

औषधाच्या मात्रेत पहिली चूक होते ती गणिताची. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद, तीस उंच म्हणजे चोपन्न लिटर. पण टाकी काठोकाठ भरलेली नसते आणि तळाला वाळू, दगड असतात. प्रत्यक्ष पाणी पंचेचाळीस लिटरच्या आसपास भरते. चोपन्न लिटरचे औषध त्यात ओतले, तर मात्रा वीस टक्क्यांनी वाढली. लोचसारख्या जवळपास खवले नसलेल्या माशांना ही वाढ सोसत नाही. ते असतील तर बाटलीवर त्यांच्यासाठी कमी मात्रा दिली आहे का, ते आधी पाहावे. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो काढून ठेवावा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. पाणी गरम तसे या जंतूचे चक्र वेगाने फिरते. पंचवीस अंशांच्या आसपास ते आठवड्याच्या आत पुरे होते, दहा अंशांच्या पाण्यात महिनाही लागू शकतो. म्हणून हीटर लावून पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी, एकोणतीस-तीस अंशांपर्यंत नेतात. जंतू लवकर माशाबाहेर पडतो आणि लवकर औषधाच्या तोंडी येतो. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पंचवीस अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, तर तीसला साडेसात. ठिपके कल्ल्यांतही असतात, त्यामुळे माशाला आधीच दम लागलेला असतो. म्हणून तापमान वाढवण्याआधी हवेचा पंप वाढवायचा. कधीकधी ठिपके फक्त कल्ल्यांत असतात, अंगावर एकही नसतो आणि मासा धापा टाकत मरतो, हेही लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट पाण्याची. रोज किंवा एक दिवसाआड पाव भाग पाणी नळीने तळाच्या वाळूतून ओढून काढायचे. कोश तळाशी असतात. त्यांतले काही या पाण्याबरोबर निघून जातात. जेवढे नवे पाणी घातले तेवढ्याच पाण्याचे औषध पुन्हा घालायचे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला दुकानात मिळणारे 'अँटिक्लोरीन' हे बहुधा सोडियम थायोसल्फेट असते, म्हणजे जुन्या छायाचित्रकारांच्या डार्करूममधला हायपो.

पाणी बदलण्याला आणखी एक कारण आहे. माशांच्या विसर्जनातून पाण्यात अमोनिया येतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्ती करून असतात. विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ते पहिल्यांदा वेगळे काढून दाखवले. काही औषधांनी हे उपकारी जिवाणूही दुबळे होतात, आणि अमोनिया साठू लागतो. त्याचा विषारीपणा पाण्याच्या सामूवर ठरतो. पंचवीस अंशांच्या पाण्यात सामू सात असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू आठ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. रोग बरा होत असताना मासा अमोनियाने मेला, असे होते ते यामुळे. उपचाराच्या काळात खाणे निम्म्यावर आणावे.

दुकानात अनेकदा टेट्रासायक्लीनची कॅप्सूल फोडून टाकायला सांगतात. ती जिवाणूंवरची आहे, या जंतूवर तिचा उपयोग नाही. झालाच तर फिल्टरमधल्या आपल्या माणसांना त्रास. उपचारापूर्वी रोग ओळखणेही आलेच. कापसासारखे पुंजके असतील तर तो वेगळा रोग. विजेरीच्या तिरप्या उजेडात सोनेरी भुकटी चमकली तर तोही वेगळा. आणि गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर, पुढच्या परांवर ओळीने पांढरे टिपके आले असतील, तर बहुधा तो नर वयात आला आहे. त्याला औषध नको.

हे सगळे कळल्यावर त्या भाऊबीजेचा हिशेब लागला. दुकानातल्या माशांबरोबर मी रोग नेला होता. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवले असते, तर तो तिथेच उघड झाला असता. शिवाय दिवाळीनंतर पुण्यात रात्री गारठा पडतो, हीटर नसलेल्या टाकीचे पाणी सकाळपर्यंत उतरते आणि माशांची प्रतिकारशक्ती मंदावते. गार पाण्यात चक्रही लांबते, म्हणजे औषध जास्त दिवस हवे होते. मी ते तीन दिवसांत थांबवले.

दोन वर्षांनी डिसेंबरात ताईने दुकानातून एक रोप आणले. पानाला चिकटून कोश आले असावेत. आठवड्याभरात त्या एकट्या एंजलच्या परांवर कण दिसले. त्यानंतर आणलेल्या चार माशांवरही दिसले. या वेळी टाकी मोजली, हीटर लावला, पंप वाढवला. पाचव्या दिवशी ठिपके गेले. ताईने माझ्याकडे पाहिले, मी काही बोललो नाही. तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला गोल केला आणि पुढचे आठ दिवस मोजून नवव्यावर फुली मारली. त्या आठ दिवसांत टाकीत पाहण्यासारखे काही नव्हते. मासे छान पोहत होते, खात होते. रोज वाटायचे, आता कशाला? रोज पाणी काढले, मोजून औषध घातले. फुलीचा दिवस आला, गेला. ठिपके परतले नाहीत.

तो एंजल पुढेही बराच काळ जगला. भाऊबीजेला मी आता मासे देत नाही. एका वर्षी मात्र ताईनेच मागून घेतले म्हणून पाण्यात बुडवायचा थर्मामीटर दिला.