जुन्या तबकडीत नवा सूर

गाणे ही हातात धरण्याची वस्तू उरलेली नाही, असे मानण्याचा हा काळ आहे. तरीही आज रचलेले आणि आज गायलेले संगीत पुन्हा लाँग प्ले ध्वनिमुद्रिकेवर, क्वचित कॅसेटवरही, प्रकाशित होऊ लागले आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या आणि १९८७ नंतर प्रथमच त्यांनी सीडीला मागे टाकले. तेथील निम्म्या ग्राहकांच्या घरी ती वाजवण्याचे यंत्रच नाही, असे एका पाहणीत आढळले होते. तेव्हा या साऱ्या प्रकारात हौसेचा, मिरवण्याचा भाग मोठा आहे, हे मान्य करायला हवे. पण नवे संगीत कालबाह्य माध्यमावर आणण्याची परंपरा हौसेपेक्षा जुनी आहे आणि तिचे मूळ गरजेत सापडते.

मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी ब्रिटनमध्ये १९६० च्या सुमारास इतिहासजमा झाली. भारतात मात्र ती त्यानंतरही काही वर्षे निघत राहिली. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बीटल्सची त्या वेळची अगदी ताजी गाणीसुद्धा ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर छापली गेली आणि जगभरचे संग्राहक आज त्याच प्रतींच्या शोधात असतात. याचे कारण साधे होते. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातील कित्येक वाड्यांवर त्या दशकात दिवा पोहोचला नव्हता. अशा ठिकाणी नवे गाणे पोहोचायचे तर ते जुन्या तबकडीवर बसूनच. तबकडीची लाखही मुख्यत्वे भारतातूनच जगभर जात असे. पळस आणि कुसुंबाच्या झाडांवरील किड्यांची ती देणगी.

तबकडीचे खरे बळ तिच्या खाचेत आहे. आवाजाने हवेत जी कंपने उठतात, त्यांचाच नागमोडी आकार खाचेत कोरलेला असतो. सुई त्या खाचेतून फिरते, थरथरते आणि आवाज पुन्हा उमटतो. मध्ये कुठलीही सांकेतिक भाषा नाही. म्हणून यंत्र बनवणारी कंपनी बुडाली तरी कुशल कारागीर ते यंत्र नव्याने बनवू शकतो. 'दे माइट बी जायंट्स' या अमेरिकन वाद्यवृंदाने १९९६ मध्ये एडिसनच्या प्रयोगशाळेत, आता जिथे संग्रहालय आहे, मेणाच्या नळकांड्यावर नवे गाणे मुद्रित केले, ते यामुळेच शक्य झाले. 'अमेरिकन एपिक' या २०१७ च्या चित्रपट प्रकल्पात तर १९२० च्या दशकातील यंत्रणा जुळवून जॅक व्हाइट, एल्टन जॉन, विली नेल्सन यांना गायला लावले. हे यंत्र खाली उतरणाऱ्या वजनावर चालते. वजन जमिनीला टेकण्याआधी, म्हणजे सुमारे तीन मिनिटांत, गाणे आटोपायचे. चूक झाली तर पहिल्यापासून. आपल्याकडच्या जुन्या गवयांनी तासाभराचा ख्याल याच तीन मिनिटांत बसवला होता, हे येथे आठवावे.

नव्या माध्यमांची आयुष्ये मात्र आखूड ठरली. याचा दाखला पुणे जिल्ह्यातच आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी, मावळ, वेल्हे, भोर अशा तालुक्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास सुरुवात केली. पुढे हे संकलन एक हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या इतके वाढले. त्यांतील काही ओव्या १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी गायिकांच्या आवाजात मुद्रित केल्या. तेव्हा उत्तमातले उत्तम माध्यम होते डिजिटल ऑडिओ टेप, म्हणजे 'डॅट'. सोनीने ते १९८७ मध्ये आणले आणि २००५ मध्ये त्याची यंत्रे बनवणे थांबवले. अठरा वर्षांत खेळ संपला! डॅटवरील आवाज आकड्यांच्या रूपात असतो. नेमके ते यंत्र नसेल तर फीत मुकी होते. ओव्यांचे दैव बलवत्तर म्हणून त्या संगणकावर उतरल्या आणि 'पारी' या संकेतस्थळाने २०१७ पासून त्या गायिकांच्या नावा-गावासह प्रसिद्ध केल्या.

तबकडीकडे वळणाऱ्या आजच्या संगीतकारांतही लोकसंगीताशी नाते सांगणारे आहेत. पुण्यात राजीव देवस्थळी यांच्याकडे तबला शिकलेले सारथी कोरवार यांनी २०१६ च्या 'डे टू डे' या पहिल्या संग्रहात गुजरातमधील रतनपूरच्या सिद्दी गायकांचे मुद्रण आपल्या जॅझमध्ये गुंफले. तो लाँग प्लेवरही आला. दिल्लीच्या अमरस रेकॉर्ड्सने राजस्थानी लोककलावंतांच्या तबकड्या काढल्या. अशा प्रयोगांत गायकाचे नाव आणि त्याचा मोबदला वेष्टणावरच्या छायाचित्राइतका ठळक असतो का, हे मात्र प्रत्येक वेळी विचारायला हवे. ओवी ही कोणा एकीची नसते, पण आवाज एकीचाच असतो.

अडचण यंत्रांची आहे. तबकडीचा मूळ साचा ज्या लॅकरवर कोरतात, ते बनवणाऱ्या जगातील दोन कारखान्यांपैकी कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला. सारा भार जपानवर पडला. भारतातील छपाई तर केव्हाच थांबली होती. लहान कलावंताला युरोपातील कारखान्यापुढे रांगेत उभे राहावे लागे आणि वाहतुकीचा व कराचा बोजा वेगळाच. २०२४ मध्ये नवी मुंबईत ध्वनिमुद्रिका छापणारा कारखाना सुरू झाल्याने हे अंतर कमी झाले आहे. घाट उतरून भोरहून तिथे एका दिवसात जाऊन येता येते.

लाँग प्लेची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटे चालते. ओवी दोन ओळींची, जात्याच्या फेऱ्यावर तोललेली आणि पुढचीला वाट करून देणारी. एका बाजूवर अशा कितीतरी मावतील.